कुरडयांचा भुगा आणि पोकळीचं भाडं

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्रीच वाचली होती. उत्तराला तीन दिवस लागले, कारण तुमच्या पावतीवरची मापं घेऊन मी दुकानात तस्साच खोका कापून पाहिला. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. परदेशी पार्सलचा खोका लहान करा, असं मी मागे लिहिलं. तुम्ही तो कापला, टोरांटोला लेकीकडे वाळवण पाठवलं आणि कुरडयांचा भुगा पोचला. "दुकानात बसून सल्ले देणं सोपं हाय. वजन म्हणजे वजन, पोकळीचे पैसे काहून द्यायचे? अन् चार पैसे वाचवून का बंगला बांधाचा हाय?"

चार पैशांचं आधी. रुपयांत बोलत नाही, दर हलत असतात, किलोत बोलू. कुरिअरवाले खरं वजन आणि खोक्याच्या मापांवरून काढलेलं वजन, यांतलं जे जास्त त्याचं बिल लावतात. तुमचा मूळ खोका ४५ बाय ३५ बाय ३० सेंटिमीटरचा. तिन्ही मापांचा गुणाकार ४७,२५०. त्याला ५,००० नं भागलं की ९.४५, म्हणजे पुढच्या अर्ध्या किलोवर नेऊन साडेनऊ किलोचं बिल. आत माल होता ४ किलो २०० ग्रॅम. तुम्ही उंची २० वर आणली, तेव्हा हिशेब ६.३ वर आला आणि साडेसहा किलोचं बिल लागलं. तुमच्याच पावतीवर साडेसहा लिहिलंय, बघा. तीन किलोचं विमानभाडं वाचलं, ताई. आणि मी पडलो बुकिंगवाला, तुमचं बिल घटलं की माझं कमिशनही घटतं, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता भुगा. यात निम्मी चूक माझी आहे. मोकळ्या जागेत हळद-तिखटासारखा जड माल भरा, असं मी लिहिलं, आणि त्यात खोटं काही नाही. बिल साडेसहाचं लागणारच असेल, तर ४.२ च्या वर आणखी दोन किलो माल त्याच भाड्यात जातो. पण जड माल आणि कुरडई यांच्यामध्ये भिंत हवी, हे लिहायचं राहिलं. तुम्ही तिखटाची पाकिटं खाली आणि कुरडया वर ठेवल्या. घरच्या डब्यात हे बरोबर आहे. पार्सलला मात्र वर-खाली नसतं. ते सरकत्या पट्ट्यावरून घसरतं, आडवं होतं, उलटं पडतं, आणि 'ही बाजू वर' असं लिहिलेलं वाचायला तिथे कोणी थांबत नाही. दोन किलो तिखट कुरडयांवर येऊन बसलं, आणखी काय होणार!

उरलेली निम्मी चूक तुमच्या कात्रीची. फोटोत दिसतं की तुम्ही खोका २० सेंटिमीटरवर चहूबाजूंनी कापून वरचा भाग फेकला आणि झाकण म्हणून वेगळा पुठ्ठा टेपनं चिकटवला. असं झाकण भार झेलत नाही, दाबलं की आत बसतं.

मी काय केलं ते सांगतो. चारही कोपरे वरून फक्त १० सेंटिमीटर चिरले, म्हणजे २० च्या खुणेपर्यंत. त्या खुणेवर पट्टी ठेवून, बोथट चमच्याच्या दांड्यानं दाबत रेघ ओढली. पुठ्ठा त्या रेघेवर सरळ दुमडतो, फाटत नाही. आता चारही झडपा लांब झाल्या. ३५ च्या बाजूच्या दोन्ही झडपा कापून काढल्या आणि २० उंचीच्या केल्या. त्या खोक्यात आडव्या अगदी बरोबर बसतात. दोन्ही एकत्र चिकटवल्या की झाली तुमची भिंत. ४५ च्या बाजूच्या झडपा एकमेकींवर चांगल्या वीतभर चढतात, त्यामुळे मधोमध झाकण आपोआप दुहेरी होतं. फेकायला जेमतेम दोन पट्ट्या उरल्या. मग भिंतीच्या एका बाजूला तिखट, हळद, मुगवड्या. दुसरीकडे कुरडया, त्याही मोकळ्या नाहीत, प्लॅस्टिकच्या बरणीत एकावर एक, वर-खाली रद्दीचे घट्ट बोळे. पुढच्या उन्हाळ्यात चीक घ्याल तेव्हा सोऱ्यातून कुरडई बशीएवढीच घाला. ताटाएवढी खाटेवर वाळताना शोभून दिसते, पण बरणीत जात नाही.

टेप लावल्यावर खोक्याच्या पोटाकडे लक्ष द्या. माप सगळ्यात फुगलेल्या जागी घेतात. तुमचा हाच खोका २० चा २१ झाला, तर हिशेब ६.६ वर जातो आणि बिल ७ चं लागतं. मी स्वतः यात फसलोय. एकीच्या नातवाची गोधडी हवा काढायच्या पिशवीत चपटी करून ४० बाय ३० बाय २० च्या खोक्यात बसवली, पाच किलोचं बिल धरलं. पिशवीला सुईएवढं भोक होतं. रात्रीतून गोधडीनं श्वास घेतला, सकाळी पोट २४ वर, आणि पुढच्या केंद्रावर सहा किलो मोजले. वरचा फरक मी खिशातून भरला. तेव्हापासून हवा काढलेली पिशवी एक रात्र तशीच ठेवून मगच खोक्यात घालतो. बंद खोक्यावर मापाची टेप धरून तिन्ही मापांचे फोटोही काढतो. वाद झाला तर तेच कामी येतात.

पोकळीचे पैसे ही लूट, असं तुम्ही म्हणता. विमान बरेचदा वजनानं भरायच्या आधी जागेनं भरतं. आपल्या बैलगाडीत कापूस भरतात तेव्हा काय होतं? बैल थकत नाही, गाडी भरते. मोठ्या हवाई मालवाहतुकीत भागाकार बहुधा ६,००० नं करतात, एक्स्प्रेस कुरिअरवाले ५,००० नं, म्हणजे त्यांचं माप जास्त कडक. जागेचे पैसे मला पटतात. दरवेळी पुढच्या अर्ध्या किलोवर ढकलणं मात्र मलाही खटकतं, तिथे मी तुमच्या बाजूनं आहे.  

तुमचा शेवटचा प्रश्न, तनस म्हणजे पेंढा फुकट मिळते, ती भरली तर काय बिघडतं? तनस आधी फुगून दिसते, मग प्रवासात बसते आणि पुन्हा पोकळी होते. शिवाय ऑस्ट्रेलियासारखा देश पेंढ्यात बांधलेला माल आत घेत नाही, त्यातून बी आणि किडे येतात म्हणून. कुटाराचंही, म्हणजे भुशाचंही, तेच. रद्दी वापरा.

संक्रांतीला पुन्हा पाठवणार म्हणालात. टेप लावायच्या आधी तिन्ही मापं इथेच लिहून कळवा. उंची २० च्या वर गेली तर मुगवड्यांची एक पिशवी काढायला सांगेन, कुरडईला हात लावायचा नाही.