घर बंद आढळले म्हणे!

काल दुपारी सव्वाचारला गेटच्या दांड्यात खोचलेला कागद मिळाला. नगरपरिषदेची घरपट्टीची नोटीस. चतुर्थ वार्षिक (दर चार वर्षांनी होते ती) करआकारणी, आपल्या हरकतीवर सुनावणी, मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे, गैरहजर राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून निर्णय घेतला जाईल. सुनावणीची तारीख 11. आणि काल होती 14!

छापताना तारखेची जागा मोकळी सोडलीय, तिथे निळ्या पेनाने 11 लिहिलंय. खाली आधीचा आकडा दिसतो, तो गिरवून गिरवून 11 केलाय. म्हणजे तारीख एकदा पुढे ढकलली, तरी कागद वेळेत पोचला नाही. कचेरीतून माझं घर चालत बारा मिनिटांवर आहे हो!

तशीच चप्पल घालून निघाले. कर विभागात साहेब नाहीत, मीटिंगला गेलेत. टेबलावरच्या माणसाने रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि माझ्यापुढे सरकवलं. आमच्या घर क्रमांकासमोर लाल शाईत शेरा: 'घर बंद आढळल्याने नोटीस दारावर डकवली.' तारीख 9.

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. 9 तारखेला आमच्याकडे पापड लाटायला आळीतल्या सात बायका होत्या. सात! सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत पुढचं दार सताड उघडं. ओट्यावर पापड वाळत घातलेले आणि राखायला सासूबाई काठी घेऊन बसलेल्या. आल्यागेल्याला हाक मारणारी बाई आहे ती, पोस्टमनलासुद्धा पाणी विचारल्याशिवाय सोडत नाही. "अगं, काळं कुत्रं फिरकलं नाही गं त्या दिवशी," म्हणाल्या. आणि सरकारी दप्तरात लिहून ठेवलंय, घर बंद! दारावर डकवली तर डिंकाचा डाग तरी दाखवा ना. मग काल तोच कागद गेटमध्ये खोचायला कोण आलं होतं?

मी आवाज चढवला. चढवायलाच हवा होता. तर तो माणूस शांतपणे म्हणतो, "ताई, शेरा आहे ना इथं. आता अपील करा. पण आधी बिल भरून या."

बिल भरून या! ज्या बिलाबद्दल भांडतेय तेच आधी भरायचं. मागच्या वर्षी 3,140 होतं, आता 7,860. का, तर मागचं पत्र्याचं स्वयंपाकघर कागदावर आरसीसी झालंय. मोजणीचा ठेका घेतलेल्या एजन्सीचा मुलगा आला होता, गेटमधूनच यंत्राचा लाल ठिपका भिंतीवर मारला आणि निघाला. आत या, पत्रे बघा, पावसाळ्यात खाली बादल्या ठेवतो त्या बघा, म्हणत मी मागे गेले. "वरिष्ठांना सांगा," म्हणाला. वरिष्ठांना सांगायची तारीख होती 11. आणि भरलं नाही तर महिन्याला 2 टक्के शास्ती, वर्षाचे 24. आमचा उशीर टक्क्यांत मोजतात, यांचा उशीर मोजायला कुठला रकाना आहे?

बिलात वृक्ष कर आहे. गटाराच्या कामासाठी शाळेच्या रस्त्यावरचे चार कडुनिंब एका सकाळीत आडवे केले, तेव्हा हरकतीची नोटीस कुठल्या खोडावर लावली होती? आळीत एकालाही दिसली नाही. दिवाळीआधी आमचा रस्ता काँक्रीटचा झाला, क्युरिंगची पोती निघायच्या आत पाइपलाइनवाल्यांनी मधोमध चर मारला. एकाच इमारतीतले दोन विभाग, मध्ये एक जिना! पाणी आठव्या दिवशी. 'आज पाणी येणार नाही' हे घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगतात, तेही नऊ वाजता, पहाटे पाचपासून नळाशी ताटकळून झाल्यावर. पुतणीच्या जन्मदाखल्यात तिच्या आईचं नाव चुकवलं ते तुम्ही, प्रतिज्ञापत्राच्या चकरा मारल्या आम्ही. वाढदिवसाचा फ्लेक्स मात्र रात्रीतून चौकाचौकात लागतो. त्याला घरं बंद आढळत नाहीत. त्या फ्लेक्सवरचे जोडलेले हात बघितले की माझं डोकंच फिरतं.

चार वर्षं प्रशासक होते तेव्हा ऐकायचो, लोकप्रतिनिधी नाहीत, काय करणार. राज्यघटनेत पाच वर्षांची मुदत लिहिलेली असताना 2016 नंतरची निवडणूक आम्ही पाहिली ती थेट 2025 मध्ये. 2 डिसेंबरला रांगेत उभं राहून तीन मतं दिली, नगराध्यक्षाला एक, प्रभागातल्या दोघांना दोन. मोजणी 3 ची 21 वर गेली, तेवढंही थांबलो. सासूबाईंना रिक्षाने नेलं, गुडघे धरत पायऱ्या चढल्या त्या. आता तरी विचारून कामं होतील या आशेने. कुठल्या सभेत कुठला विषय मंजूर झाला हे अजूनही चहाच्या टपरीवर कळतं, तेही मंजूर झाल्यावर. माहिती अधिकाराचा कायदा 2005 चा आहे. लोकांवर परिणाम करणारे निर्णय कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचे, असं त्याच्या चौथ्या कलमात लिहिलंय. आमच्या कचेरीतल्या सूचना फलकाची काच फुटलीय, आत मागच्या उन्हाळ्यातलं टँकरचं वेळापत्रक आहे.

मला कर चुकवायचा नाही. सासऱ्यांनी एक हप्ता थकवला नाही, पावत्यांची फाईल आहे घरात, 1987 पासूनची. पत्र्याला पत्रा म्हणा, तेवढंच मागतेय. आणि माझं घर उघडं होतं तर उघडं होतं असं लिहा.

रात्री आळीत विचारलं. नऊ घरांना 11 तारखेच्याच नोटिसा, नऊही काल मिळाल्या. पापड लाटायला आलेल्या सातपैकी पाचजणी त्यातल्याच. आज सकाळी अर्ज लिहून दिला: 9 तारखेला घर उघडे होते, शेरा खोटा आहे, सुनावणी पुन्हा घ्या. पोच द्यायला खळखळ केली, पण आवकचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. सोमवारी अकराला नऊही घरची माणसं जाणार आहोत. सासूबाई म्हणाल्यात, मीही येते, मला तो शेरा लिहिणारा बघायचाय.