पाचावरचा ठिपका

आमच्या संस्थेत कुठलीही वस्तू ती मोडली म्हणून बदलत नाहीत. ती दुरुस्त करणारा माणूस गाव सोडून मुलाकडे राहायला गेला की मगच बदलतात. आमचं ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरचे फोन घेऊन आतल्या आत जोडून देणारं यंत्र, याच नियमाने निवृत्त झालं. त्याचं कार्ड घेऊन मी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "जपून ठेवा. केळकर म्युझियमला विचारून बघा."

मग रीतसर उपसमिती नेमली. यंत्रणा इंटरनेटवर चालणारी, सुरक्षित आणि सर्वांना वापरता येणारी हवी, असा ठराव झाला. 'सर्वांना' हे ठरावात आलं ते आमच्या ऑपरेटर बाईंमुळे. बाई जन्मापासून दृष्टिहीन आहेत आणि इमारतीत कोण कुठे आहे हे आम्हा डोळसांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असतं.

खजिनदारांचं म्हणणं, "व्हॉट्सअ‍ॅप आहे की फुकट! एन्क्रिप्टेड पण असतं." ते खरंच. पण पालकांचा फोन वसतिगृहाच्या रेक्टरांना जोडून कसा द्यायचा? "त्यात काय, रेक्टरांचा मोबाइल नंबरच देऊन टाकायचा." रेक्टर तेव्हापासून खजिनदारांशी फक्त लेखी बोलतात.

मग विक्रेते येऊ लागले. सगळ्यांचे शर्ट इस्त्रीचे आणि सगळ्यांची यंत्रणा 'हंड्रेड पर्सेंट सिक्युअर'. मी थोडं वाचून गेलो होतो. फोन कुणी कुणाला लावला हे ठरवणारे निरोप वेगळे जातात आणि प्रत्यक्ष आवाज वेगळा जातो. पहिल्याच्या संरक्षणाला टीएलएस लागतं, दुसऱ्याच्या एसआरटीपी. मी विचारलं, "दोन्ही चालू असतं ना?"

"सपोर्टेड आहे, सर."

"हो, पण चालू असतं का?"

"सपोर्टेड आहे, सर."

खजिनदार तोवर सुरक्षेला हिंग लावून विचारत नव्हते. त्यांना जाग आणली अध्यक्षांनी. अध्यक्ष म्हणजे आमचे अण्णा, वय वर्षं ८२. म्हणाले, "पूर्वी आपल्या डायलच्या फोनला कुलूप होतं ना रे?" होतं, डायलच्या भोकात अडकवलेलं, चिमुकलं. आणि वसतिगृहातली पोरं रिसीव्हर ठेवायच्या खुंटीवर टिचक्या मारून खुशाल घरी फोन लावायची. नवासाठी नऊ टिचक्या, शून्यासाठी दहा. डायलही परत फिरताना लाइन तेवढ्याच वेळा तोडायची, त्यामुळे एक्स्चेंजला फरक कळत नसे. कुलूप डायलला होतं, लाइनला नव्हतं.

आजचे चोर खुंटी वाजवत नाहीत, एवढंच. एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्डही १०१ असं ठेवलं, तर इंटरनेटवर रात्रंदिवस दारं ठोठावत फिरणाऱ्या प्रोग्रॅमना ते सापडतं. मग आपण झोपलेलो असताना आपल्या लाइनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर फोन जातात आणि बिल संस्थेच्या नावे निघतं. हे ऐकल्यावर खजिनदारांची पाचावर धारण बसली. आयएसडी बंद, लांबलचक पासवर्ड, रात्री बाहेर फोन नाही, सगळं एका दमात मंजूर. पंख्याच्या कंडेन्सरला या समितीने याहून जास्त वेळ घेतलेला आहे.

खरी परीक्षा बाईंच्या टेबलावर झाली. पहिल्या विक्रेत्याने काचेचा गुळगुळीत फोन ठेवला. बाईंनी त्यावरून बोटं फिरवली, मग पुन्हा एकदा फिरवली.

"पाच कुठाय?"

"मॅडम, टचस्क्रीन आहे."

"ते कळलं. पाच कुठाय?"

साध्या फोनच्या पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. इतकी वर्षं फोन वापरून मी तो कधी पाहिला नव्हता, आणि बाईंचं सगळं खातं त्या ठिपक्यापासून सुरू होतं. विक्रेत्याने आपल्याच डेस्क फोनच्या पाचावर हळूच अंगठा ठेवून पाहिला आणि "अरेच्चा!" म्हणाला. त्याच्याबद्दल माझं मत तिथे जरा सुधारलं.

दुसऱ्याचं सगळं संगणकावर होतं. बाईंनी एनव्हीडीए सुरू केलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे खजिनदारांचंही लाडकं. ते त्या देखण्या पडद्यावरून टॅब टॅब करत निघालं आणि म्हणालं, "बटन. बटन. बटन. बटन." कोणत्या बटणाला काय म्हणायचं हे बनवणाऱ्याने लिहिलंच नव्हतं. फोन जोडून द्यायचा तर माउसने ओढून नावावर सोडायचा. लाइन रिकामी तर हिरवा दिवा, बिझी तर लाल. बाई शांतपणे म्हणाल्या, "छान असेल."

अण्णांची अडचण कानाची. जुन्या फोनवर साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही, आणि 'स' आणि 'फ' यांतला फरक बराचसा त्याच्या वरच. नव्या फोनमध्ये जी.७२२ ही आवाज पाठवायची पद्धत असेल तर आवाज ७००० हर्ट्झपर्यंत येतो. अण्णांनी पलीकडच्या खोलीतून ऐकून पाहिलं आणि "आता खजिनदार काय पुटपुटतात तेही कळतं" म्हणाले. खजिनदारांनी जी.७२२ला विरोध नोंदवला.

राहिली वीज. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट मिळायचे, म्हणून वीज गेली तरी फोन चालू. नव्यात वीज गेली की राउटर गेला, स्विच गेला, फोन गेला. पुण्यात विजेच्या देखभालीचा गुरुवार म्हटल्यावर यूपीएस चर्चेविनाच मंजूर झाला.

शेवटी बटणांचे ओबडधोबड फोन आणि अ‍ॅस्टरिस्कवर चालणारी, दिसायला सामान्य यंत्रणा घेतली. अ‍ॅस्टरिस्क १९९९ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर, त्यालाही परवान्याचे पैसे नाहीत. फोन जोडणं, तोडणं, सगळं कीबोर्डवरून होतं, आणि टीएलएस, एसआरटीपी खरोखर चालू आहेत. बाईंनी होकार दिला तेव्हा समितीचंही एकमत झालं.

स्वागताचा संदेश मात्र अध्यक्षांच्याच आवाजात हवा, असं अध्यक्षांचं मत पडलं. तो एका दमात ध्वनिमुद्रित झाला आणि कापायचा कसा हे कुणालाच माहीत नाही. त्यामुळे आता संस्थेला फोन लावला की आधी ऐकू येतं, "झालं का रे चालू? दिवा कुठं लागलाय? हां... नमस्कार." हे आमच्याकडून दर वेळी व्यवस्थित एन्क्रिप्ट होऊन निघतं.