आज्जींना बसवून ठेवू नका

बेळगावला फोन केला की हल्ली एक वाद हमखास कानावर येतो. मुलं पुण्या-बेंगळुरूला नाहीतर परदेशात आणि आईवडील वृद्धाश्रमात, हे बरोबर की चूक? टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत प्रत्येकाचं मत ठरलेलं. ठेवणाऱ्यांना नावं ठेवतात, घरी सांभाळणाऱ्यांची ओढाताण कुणी बघत नाही. मी ग्लासगोत एका केअर होममध्ये काम करते, त्यामुळं मला या वादात एक गोष्ट सारखी खटकते. आश्रमात गेलेली माणसं तिथं दिवसभर करतात काय, हे कुणी विचारतच नाही.

बहुतेक वेळ ती बसलेली असतात. मागच्या सुट्टीत गावाकडच्या एका आश्रमात गेले होते. जागा स्वच्छ, जेवण गरम, माणसं मायेची. व्हरांड्यात भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या आणि त्यांवर ओळीनं आज्ज्या. एक आज्जी पाण्याचा तांब्या भरायला उठल्या, तशी कामाची पोरगी धावत आली. "आज्जी, तुमी बसा की, मी आणून देतो." तिच्या मनात मायाच होती, पण ही माया पायांना फार महाग पडते. अमेरिकेत धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं, तर त्यांच्या पायांतले जवळजवळ किलोभर स्नायू झिजले. खुर्ची म्हणजे अंथरूण नव्हे, तरी वाट त्याच दिशेची. पाय गेले की संडासला जायलाही माणूस लागतो, मग पडायची भीती, मग आणखी बसणं.

"या वयात कसला व्यायाम?" असं लोक म्हणतात. १९९४ साली बॉस्टनमधल्या एका नर्सिंग होमचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशक्त झालेले शंभर वृद्ध, सरासरी वय ८७. त्यांतल्या ज्यांनी दहा आठवडे वजनं लावून पायांचा व्यायाम केला, त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून जास्त झाली. चालण्याचा वेगही वाढला. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते.

स्कॉटलंडमध्ये सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. माणसं कमी पडली की इथंही टीव्हीसमोर दुपारच्या दुपारी जातात, आणि थंडीत बाहेर पडणं मुश्कील. पण केअर होम तपासणाऱ्या यंत्रणेनं इथं २०१७ मध्ये हालचाल वाढवण्याचा खास कार्यक्रम सुरू केला. रोजच्याच कामांत हालचाल आणायची, हा त्याचा गाभा. आम्ही चहाआधी खुर्चीतून पाच वेळा उठायला लावतो. पुढं सरकून बसायचं, टाचा मागं घ्यायच्या, हात खुर्चीच्या दांड्यांवर, अंग पुढं झुकवायचं आणि उठायचं. बसताना धपकन बसायचं नाही. मी कोपराशी उभी असते, पण गरज पडेपर्यंत हात देत नाही. थोरांना उठून पाणी द्यायच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे फार जड जातं.

आणि आपल्याकडे तर यासाठी लागणारं बरंच काही आधीच आहे. हरिपाठाची पावली घ्या. एका पायावरचा भार दुसऱ्यावर, पुढं, मागं, तालावर. तोल सावरायला याहून चांगलं काय सापडणार? ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसून टाळ वाजवावेत, खांदे मोकळे होतात. शेजारच्या कन्नड आज्जींनाही टाळ कळतो. शेंगा फोडणं, तांदूळ निवडणं, तुळशीला पाणी घालणं, हे ज्यांना झेपतं त्यांच्याकडून काढून घेऊ नका. चक्कर, छातीत दुखणं किंवा नुकतंच हाड मोडलेलं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

अडचण खरी आहे ती पावसाळ्याची. बेळगावचा पाऊस एकदा लागला की महिनोन्‌महिने अंगण निसरडं, म्हणून व्हरांड्यात भिंतीला धरायला दांडी हवीच. आपण परदेशातले लोक वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला आश्रमात जेवण देतो, टीव्ही देतो. यंदा त्या पैशांतून ही दांडी बसवा, दणकट हातांच्या खुर्च्या घ्या आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा पगार द्या. बेळगावात फिजिओथेरपी शिकवणारी कॉलेजं आहेत, तिथल्या मुलांना बोलवा. आणि आई-बाबा तिथं असतील तर फोनवर "जेवलात का?" विचारल्यावर "आज कुठवर चाललात?" हेही विचारा.