आंबा न आवडणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

इंदूरच्या पालकांनो, ॲडमिशनचे फॉर्म निघतील आता. चर्चच्या आवारातली पाच वर्गांची छोटीशी इंग्रजी शाळा तुमच्या मनात भरली असेल तर अभिनंदन. आमची कन्या अशाच एका शाळेत दुसरीत आहे, तेव्हा चार अनुभवाचे बोल ऐकून घ्या.

आत काय शिकवतात, हे विचारू नका. गेट बघा, टाय बघा, सिस्टरना एका सुरात ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारी रांग बघा. मिशनची शाळा म्हणजे चांगलीच, हे आपल्याकडे आजोबांच्या काळापासून ठरलंय. कॅनडाच्या मिशनऱ्यांनी १८८७ मध्ये इथे कॉलेज काढलं, त्या पुण्याईवर आमची दुसरी ‘ब’ चालते. (ते प्रॉटेस्टंट, हे कॅथलिक. पण एवढ्या खोलात कोण जातं?)

स्मार्ट क्लासचे पैसे वेळेवर भरा. टीव्हीवर क्रोशाचं कव्हर आहे, ते निघू नये म्हणून टीव्ही लावत नाहीत.

दप्तर काट्यावर ठेवू नका. केंद्राच्या २०२० च्या धोरणात पहिली-दुसरीचं दप्तर जास्तीत जास्त २.२ किलोचं, आणि दुसरीपर्यंत गृहपाठ अजिबात नाही. पण धोरण दिल्लीत असतं आणि दप्तर आपल्या ॲक्टिव्हावर, पायांच्या मध्ये.

‘तीस मुलांमागे एक शिक्षक’ हा आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा, नियम ऑफिसात ऐकवायला जाऊ नका. अल्पसंख्याक संस्थांना सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच त्या कायद्यातून वगळलंय. काउंटरवरच्या बाई हे घडाघडा म्हणून दाखवतात. शाळेत पाठांतर उत्तम आहे याचा तो पुरावाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मुलाला स्वतःची आवडनिवड असू देऊ नका. गेल्या शनिवारी पीटीएमला, म्हणजे पालक-शिक्षक सभेला, वही हातात आली. प्रश्न होता, तुझं आवडतं फळ कोणतं? पोरीने लिहिलं होतं ‘कस्टर्ड ॲपल’. बाबांना स्पेलिंग विचारून, अक्षर न अक्षर बरोबर. त्यावर लाल फुली, बाजूला ‘सी बोर्ड’ (म्हणजे फळ्यावरचं बघ), आणि खाली दहा वेळा ‘माय फेव्हरेट फ्रूट इज मँगो’. शेजारची वही उघडली, मँगो. तिच्या पलीकडची, मँगो. सीताफळांच्या गाड्यांनी रस्ते भरलेत आणि आख्ख्या वर्गाला आंबा आवडतो! पान उलटलं तर सगळ्यांचा बेस्ट फ्रेंड रोहन. वर्गात रोहन नावाचा मुलगाच नाही. पुढे ‘माय मदर’. माझी आई गृहिणी आहे, ती दिवसभर छान छान स्वयंपाक करते, असं माझ्याच मुलीने माझ्यासमोर उभं राहून धडाधड म्हणून दाखवलं. मी बँकेत नोकरी करते! मी म्हटलं, बरं, वाचून दाखव. तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंडात पाचवी. न शिकवलेल्या धड्याचं पान काढून दिलं, तर नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. दुसरीतली मुलगी, तोंडी परीक्षेत ए प्लस!

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “मम्मी, एक्झाम में तो मँगो ही आएगा ना.”

त्यांच्यावर तरी किती चिडायचं? पन्नासेक वह्या, सगळ्यांत एकच उत्तर असेल तर मधल्या सुट्टीत तपासून होतात. पन्नास वेगवेगळी फळं वाचायची तर आणखी एक शिक्षिका ठेवावी लागेल, तिला पगार द्यावा लागेल. ते मॅनेजमेंटच्या हातात आहे, आणि मॅनेजमेंटने यंदा काय केलं? गेट रंगवलं.

आता आपल्या पालकांच्या ग्रुपबद्दल. डिसेंबरात सांताची टोपी आणायला सांगितली तेव्हा रात्रभर फोन वाजत होता. संस्कृती, धर्म, कलेक्टरला निवेदन, सगळं झालं. आणि परवा मी लिहिलं की आपण मिळून फादरना भेटू, मुलांना वाचता येत नाहीये, तर काय आलं? दोन अंगठे, एक जोडलेले हात, आणि एक खासगी मेसेज: ‘अहो ताई, कशाला? उगाच मुलीवर राग काढतील.’

अहो, आणखी काय काढायचं राहिलंय? टोपीने तुमचं मूल बिघडेल अशी भीती वाटते आणि दोन वर्षं शाळेत जाऊन त्याला एक ओळ वाचता येत नाही, याचं काहीच वाटत नाही? रिपोर्ट कार्डाचा फोटो स्टेटसला लावता, वही कधी उघडून बघितलीत? शाळा फसवते म्हणे. फसवणारच! तुम्हाला इंग्रजी शाळेचा टाय हवा होता, तो तिने दिला. आज रात्री पोराला न शिकवलेल्या धड्याचं एक पान वाचायला द्या. नाही आलं तर मुकाट्याने ट्यूशन लावून मोकळे होऊ नका. शाळेत जा. फी तिथे भरता ना?