‘सिमेंट खाल्लं’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

पडलेल्या बांधकामांचा तपास शिकवणाऱ्या माझ्या कोर्सवरच्या मागच्या लेखाखाली धरणगावकडच्या एका भाऊंनी लिहिलंय: “काय भो, पडलेल्या स्लॅबचं पोस्टमॉर्टेम करायला कोर्स लागतो का? आमच्या काकांच्या गोठ्याचा स्लॅब गेल्या आठवड्यात पडला. मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं, विषय संपला. अन् त्या हातोडीनं काँक्रीटची ताकद कळते म्हणे!”

हातोडीनं ताकद कळते असं मी लिहिलं होतं, तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. ती हातोडी, म्हणजे रिबाउंड हॅमर, काँक्रीटवर आपटून किती उसळते ते मोजते, म्हणजे फक्त वरच्या थराचा टणकपणा दाखवते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं जुन्या काँक्रीटची वरची साल आणखी टणक होते. मग आत गज गंजत असला तरी आकडा झकास येतो. ताकद हवी तर कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापलेला गोल तुकडा, काढून तो दाबून फोडावा लागतो. लेखात दुरुस्ती करतो.

सिमेंटचं मात्र पटत नाही. आमच्या गल्लीत एक जुना छज्जा पडला तेव्हा मीही तुमच्यासारखंच बोललो होतो. रंग द्यायला दोघं वर चढले होते, हात मोडण्यावर निभावलं. नंतर कोर्सच्या सरांसोबत तुकडा उलटा करून पाहिला, तर गज तळाला, जेमतेम दीड सेंटिमीटरवर. छज्जा भिंतीतून बाहेर लटकतो, ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून गज वर हवा. बांधताना तो बहुधा वरच ठेवला असेल, आणि काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली दबून खाली गेला असेल. इतकी वर्षं तो छज्जा नुसत्या काँक्रीटच्या जिवावर उभा होता! सिमेंट कमी होतं का? असेलही. पण पोतं जास्त ओतून तो गज वर आला नसता.

अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या एका हॉटेलात 17 जुलै 1981 ला टांगते पूल कोसळले, 114 माणसं गेली. तिथे माल कुणी खाल्ला नव्हता. वरचा आणि खालचा पूल एकाच लांब सळईला टांगायचा होता. सोयीसाठी सळईचे दोन तुकडे केले आणि खालचा पूल वरच्याच्या तुळईला लटकला. विहिरीत दोघं एक दोर धरून उतरले तर ज्याचा भार त्याच्या हाताला. दुसऱ्यानं पहिल्याचे पाय धरले की पहिल्याच्या हातावर दोघांचा. वरच्या पुलाच्या तुळईला पेलणाऱ्या नटाचं तेच झालं. तपासात हेही निघालं की मूळ आराखडासुद्धा नियमानं लागणाऱ्या भाराच्या 60 टक्केच पेलला असता.

लांब कशाला, आपली धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची घरं घ्या. आजीकडे यावलला पावसाळ्याआधी धाब्यावर माती पडायचीच. इंचभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला पन्नासेक किलो. थर दरसाल चढायचा, खालच्या लाकडी कड्या मात्र त्याच, वर वाळवीही लागलेली. एका श्रावणात धाबं बसलं, बोल पावसाला. खायला सिमेंट तर तिथे नव्हतंच.

तर भाऊ, काकांना सांगा, मलबा इतक्यात उचलू नका आणि गज भंगारवाल्याला देऊ नका. तुटलेल्या टोकावर जुना काळपट गंज आहे की ताजा तांबूस, हे आत्ता दिसेल. दोन पाऊस पडले की सगळं सारखंच. तुकडे जिथे पडलेत तिथेच, शेजारी टेप धरून फोटो काढा. रविवारी मी मोकळा आहे.