आकडा आधी सांगायला काय जातं?

सोमवारी रात्री ठमीचे मागचे पाय गेले. संध्याकाळी चांगली जिना उतरली होती. रात्री पाणी प्यायला उठली ती कमरेपासूनचं अंग पोत्यासारखं ओढत आली. डॅशहाउंड जातीची कुत्री आहे, साडेपाच वर्षांची. फरशीवर तिची नखं घासत येत होती, तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

सकाळी उघडायच्या आधीच आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दारात जाऊन बसलो. त्यांनी तपासलं, रक्त घेतलं, एक्स-रे काढला. म्हणाले, कण्यातली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आलेला दिसतोय. पण एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. एमआरआय लागेल, बहुतेक ऑपरेशनही. स्पेशालिस्टकडे न्या, आजच न्या. मी विचारलं, डॉक्टर, साधारण किती खर्च येईल? "ते तेच सांगतील."

स्पेशालिस्टकडे फोन लावला. तिथे उत्तर मिळालं, "बघितल्याशिवाय सांगता येत नाही." बरं, निदान एमआरआयचा आकडा सांगा. "केसवर असतं." अहो, रोज करता ना तुम्ही हे? मशीन तेच, पाठ तीच, कुत्रं सात किलोचं. अमुकपासून तमुकपर्यंत होतात, एवढं एक वाक्य बोलायला कुणाचं काय जात होतं? तेवढ्यात मी गाडीत बसल्या बसल्या भावाला फोन केला असता, पैशांची जुळवाजुळव केली असती, डोकं थंड ठेवून विचार केला असता. तो वेळ मला मिळाला नाही, आणि माझा खरा राग ह्यावरच आहे.

तिथे पोचलो. तरुण डॉक्टरांनी ठमीच्या मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरलं आणि दाबलं. जोरात. पाय आखडला. मी म्हटलं, आहे की जीव! त्या म्हणाल्या, पाय आखडणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया झाली, ती मेंदूपर्यंत न पोचताही होते. तिला दुखतंय हे तिला कळतंय का, ते बघायचंय. त्यांनी पुन्हा दाबलं. ठमीने मान वळवून त्या हाताकडे बघितलं आणि कण्हली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कण्हण्याचा मला आनंद झाला. खोलवरची वेदना कळत असेल तर ऑपरेशननंतर दहातली नऊच्या आसपास कुत्री पुन्हा चालतात. ती जाणीव गेली की निम्मीच. आणि ती कधी जाईल ह्याचा नेम नाही.

हे सगळं त्यांनी समजावून सांगितलं, छान सांगितलं. आणि लगेच समोर कागद आला. एस्टिमेट. खालचा आकडा माझ्या दोन पगारांचा, वरचा जवळजवळ चार पगारांचा. वरच्या आकड्याचं निम्मं डिपॉझिट आत्ता भरा, म्हणजे भुलीची तयारी करता येईल. ठमी आतल्या खोलीत, मी काउंटरवर, मागे रांग. अशा वेळी माणूस काय घासाघीस करणार? काय चौकशी करणार? सही करतो. ह्याला संमती म्हणत नाहीत, ह्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात.

आणि ते रक्त! सकाळी काढलेलं रक्त, त्याच दिवशीचा रिपोर्ट, माझ्या हातात छापील कागद. "आमच्याकडे परत करावं लागेल." का? "प्रोटोकॉल आहे." ज्या मुक्या जिवाला सकाळी सुई टोचली, त्याला दुपारी परत टोचायची आणि त्याचे पैसे मी परत द्यायचे, कारण दोन दवाखान्यांना एकमेकांचा कागद चालत नाही. एक्स-रेचंही तेच. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनी पाठवलेला मेल कुणी उघडलाच नव्हता. मी काउंटरवर उभी राहून माझ्या मोबाइलवर तो दाखवला, तेव्हा कुठे एक्स-रेची ओळ कागदावरून खोडली गेली. मी दाखवला नसता तर?

मला अक्कल शिकवायला येऊ नका की हे महागच असतं. ठाऊक आहे मला. माणूस एमआरआयच्या बोगद्यात स्वतःहून निपचित पडतो, कुत्रं पडत नाही, त्याला पूर्ण भूल द्यावी लागते. भूल म्हटली की नळी आली, मॉनिटर आला, सतत लक्ष ठेवणारं माणूस आलं. त्या मशीनचं चुंबक उणे 269 अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये ठेवावं लागतं, ते काय फुकट येतं? आणि ज्या बाईंनी ऑपरेशन केलं त्यांनी पदवीनंतर इंटर्नशिप, मग तीन वर्षं रेसिडेन्सी, मग परीक्षा असं सगळं केलंय. सरकलेल्या गादीचा मटाराएवढा तुकडा मज्जारज्जूला धक्का न लावता काढायचा, ह्याचे पैसे मी एका शब्दाने मागे-पुढे करणार नाही. त्यांचे हात सोन्याचे आहेत.

पण पर्याय कोण सांगणार? डॅशहाउंडसारख्या जातींत सरकलेल्या गादीत बऱ्याचदा कॅल्शियम साठलेलं असतं, ते सीटी स्कॅनवरही दिसतं. तो लवकर होतो आणि बहुधा स्वस्तही पडतो. सगळ्यांना चालेल असं नाही, पण विचारात घेता येतो. वेदना शाबूत असलेली काही कुत्री ऑपरेशनशिवायही सुधारतात: किमान 4 आठवडे पिंजऱ्यात सक्त विश्रांती आणि औषधं. शक्यता कमी, वेळ जास्त, पण रस्ता आहे. हे मला कळलं ते ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री, तिच्या पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसून वाचत होते तेव्हा. मी कदाचित तरीही ऑपरेशनच निवडलं असतं. पण निवडलं असतं!

ज्याच्याकडे डिपॉझिट नसतं त्याचं काय होतं, ते मी त्याच हॉलमध्ये पाहिलं. एक काका मांजराची रिकामी पेटी घेऊन बाहेर पडले. कुणी काही बोललं नाही. बरं होण्यासारखं जनावर पैशापायी कायमचं झोपवावं लागतं, हे सगळ्या व्हेटना माहीत आहे आणि त्यांनाही ते खातं, ह्याबद्दल मला शंका नाही. मग निदान हप्त्यांचं तरी बोला. स्वतःहून बोला. "तिच्यासाठी जे बेस्ट आहे ते करू या ना?" असं विचारू नका. ह्या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस राक्षस ठरतो, आणि खिसा रिकामा असणं म्हणजे प्रेम कमी असणं नव्हे.

विमा काढायचा होता, म्हणे. काढला असता, पण बहुतेक पॉलिसी आधीपासूनचं दुखणं धरत नाहीत, आणि आता तिची पाठ जन्मभर "आधीपासूनचं दुखणं". 2017 सालीच संशोधकांनी दाखवलंय की ह्या जातींच्या गाद्या लवकर खराब होण्यामागे एफजीएफ4 जनुकाची 12व्या गुणसूत्रावरची एक जादा प्रत आहे. तिची चाचणीही करता येते. पिल्लू विकताना हे कुणी सांगत नाही, आखूड पाय किती गोड म्हणतात आणि पैसे मोजून घेतात.

ठमी काल चार पावलं चालली. डुगडुगत, टॉवेलचा आधार घेऊन, पण चालली. पुढच्या मंगळवारी टाके काढायचेत. तेरा आहेत, मी रोज मोजते. आज फोन करून विचारलं, टाके काढायचे किती होतील?

"डॉक्टर बघून सांगतील."