‘मोबाइल दाखवतो त्याला खेडे मत देते’ या दाव्याचा प्रतिवाद

गेल्या विधानसभा निवडणुकीपासून विदर्भातल्या व्हॉट्सॲप गटांत एक दावा वेगवेगळ्या शब्दांत सारखा फिरतो आहे. निवडणुका आता माध्यमेच जिंकवतात आणि खेड्यातला माणूस पडद्यावर दिसेल त्याला मत देतो, पूर्वीची वर्तमानपत्रे निःपक्ष होती व आताची विकली गेली, आणि हातोहाती मोबाइल आल्यामुळे तालुक्याच्या वार्ताहराचे काम संपले, असे त्याचे थोडक्यात म्हणणे आहे. शहरातले लोक तो मान डोलावून पुढे पाठवतात, यात नवल नाही. परंतु ज्यांच्याविषयी तो आहे ते शेतकरीही तो पुढे ढकलतात, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

पहिला मुद्दा सर्वांत ठासून सांगितला जातो आणि तोच सर्वांत कच्चा आहे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत विदर्भातल्या 10 पैकी 7 जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये याच मतदारांनी विदर्भातल्या 62 पैकी बहुतेक जागा महायुतीच्या पदरात टाकल्या. मधल्या काळात वाहिन्या बदलल्या नव्हत्या, निवेदक बदलले नव्हते आणि लोकांच्या हातातले फोनही तेच होते. बदलले ते दुसरेच काही: जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1,500 रुपये मंजूर झाले होते, उमेदवार वेगळे होते, बंडखोर वेगळे होते आणि बूथवरची माणसेही जास्त जोमाने कामाला लागली होती. दिल्लीच्या वाहिन्यांना खेड्याचे मन वळवता येणे दूरच, ते वाचताही आले नव्हते. 1 जून 2024 च्या बहुतेक एक्झिट पोलनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला 350 च्या वर जागा दिल्या आणि प्रत्यक्षात मिळाल्या 293. त्याआधी 2004 मध्ये ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिरातींनी पाने आणि पडदे भरले होते, तरीही ते सरकार गेले.

मग माध्यमांचा प्रभाव कोठे असतो? 2024 च्या नोव्हेंबरातले सोयाबीन पाहावे. हमीभाव क्विंटलमागे 4,892 रुपये होता, बाजार समितीत भाव त्याच्या बराच खाली होता आणि हमीभावाच्या खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की माल परत जात होता. परत फिरलेल्या ट्रॅक्टरचे भाडेही शेतकऱ्याच्याच खिशातून जाते, हे केंद्रावर उभे राहिल्याशिवाय समजत नाही. जिल्हा आवृत्त्यांनी हा विषय लावून धरला, विरोधकांनी तो सभांतून उचलला आणि मतदानाच्या तोंडावर केंद्र सरकारने ओलाव्याची मर्यादा 15 टक्क्यांवर नेली. निकाल मात्र सत्ताधाऱ्यांच्याच बाजूने लागला. म्हणजे सोयाबीनच्या बातम्यांनी सरकार पडले नाही, पण सरकारला एक निर्णय घ्यावा लागला. 2006 मध्येही असेच घडले होते. शेतकरी आत्महत्यांवर पी. साईनाथ आणि इथल्या मराठी पत्रकारांनी सातत्याने लिहिले, त्यानंतर पंतप्रधान मनमोहन सिंग जूनअखेरीस विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्या पॅकेजातला मोठा वाटा सिंचन प्रकल्पांकडे वळला आणि शेतकऱ्याच्या हाती फारसे लागले नाही, ही तक्रार रास्त आहे. पण दिल्लीला इथवर यावे लागले, हेही तितकेच खरे.

दुसरा मुद्दा लवकर आटोपतो. लोकनायक बापूजी अणे यांनी 1918 मध्ये यवतमाळला ‘लोकमत’ काढले ते टिळकांच्या राजकारणासाठी. पुढे 1971 मध्ये नागपुरातून ते दैनिक करणारे जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे नेते आणि राज्याचे मंत्री होते. नागपूरच्या ‘तरुण भारत’चा कल संघाकडे आहे, हेही लपून राहिलेले नव्हते. वाचक तेवढे वजा करूनच वाचत असे. खरा बिघाड 2009 च्या विधानसभा निवडणुकीत उघड झाला, जेव्हा एकाच उमेदवाराची स्तुती एकमेकांच्या स्पर्धक पत्रांत शब्दशः सारखी छापून आली. पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने 2010 मध्ये अहवाल दिला. मालकाचा पक्ष वाचकाला ठाऊक असतो, परंतु बातमीमागचा पैसा त्याला दिसत नाही. आक्षेप घ्यायचा तर या लपवाछपवीवर घ्यावा.

तिसऱ्या मुद्द्याने सर्वांत जास्त नुकसान होते. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा गावोगाव मोबाइल होते आणि प्रत्येक गावाला आपल्या गावचा रुग्ण माहीत होता. पण एकेका गावाला एकेक घटना माहीत असल्याने जिल्ह्याचे संकट दिसत नाही. वणीचा, आर्णीचा आणि कळंबचा रुग्ण एकाच कारणाने शासकीय रुग्णालयात आला आहे, हे कोणीतरी तिथे जाऊन, विचारून, मोजून लिहावे लागते. ते छापून आल्यावर गोंधळ उडाला, विशेष तपास पथक नेमले गेले आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी आली.

हे मोजणारा वार्ताहर कसा जगतो, याचा व्हॉट्सॲपवरच्या त्या दाव्यात उल्लेखही नाही. तालुक्याच्या वार्ताहराला बहुधा पगार नसतो, जुजबी मानधन असते आणि खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर असते. दिवाळी, 26 जानेवारी आणि नेत्याचा वाढदिवस हे त्याचे हंगाम. बाजार समितीचा सभापती, पतसंस्थेचा अध्यक्ष आणि कंत्राटदार यांच्याकडून त्याला पुरवणीसाठी पाव पानाची जाहिरात मिळवायची असते आणि मग त्याच सभापतीला वजनकाट्यातल्या घोळाबद्दल विचारायचे असते. त्याने विचारले नाही तर त्याला विकला गेला म्हणणे सोपे आहे. शिवाय मोबाइलवरच्या ज्या चित्रफितीला वार्ताहराचा पर्याय म्हणून मिरवले जाते, ती करणाऱ्या कितीतरी जणांना त्याच नेत्यांकडून पैसे मिळतात. फरक इतकाच की पेड न्यूज निवडणूक आयोगाची जिल्हा समिती निदान उमेदवाराच्या खर्चात धरू शकते, पण गावच्या गटात कोणी काय पेरले याचा हिशेब कोणत्याच समितीपुढे येत नाही.